आधी विझवण्याची सोय

दसरा उलटला, परतीचा पाऊस थांबला, की पाचोडच्या शिवारात रात्रीही दिवे फिरायला लागतात. महामार्गाच्या कडेला उभं राहून बघितलं, तर दूर अंधारात दोन-तीन पांढरे ठिपके सावकाश पुढे सरकतात, बांधाशी थांबतात, वळतात आणि परत येतात. कुणाची नांगरट चाललेली असते, कुणाचा रोटाव्हेटर, कुणाची ज्वारी-हरभऱ्याची पेरणी. वाफसा काही महिनाभर टिकत नाही. गावात ट्रॅक्टर मोजके आणि नंबर लावून बसलेली शेतं पुष्कळ. मग दिवस पुरत नाही, रात्र घ्यावी लागते. त्याच्या मागोमाग कापूस येतो, ऊस येतो. मोसंबीच्या गाड्या तर पहाटेच बाजाराला निघतात. त्यामुळे ट्रॅक्टरला, जीपला, पिकअपला जादा दिवे लावणं ही आमच्याकडे हौस नाही, ती गरज आहे.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. या दिवसांत दुकानावर येणाऱ्यांची मागणी एकच असते. "काका, दोन फोकस टाकून द्या, लख्ख उजेड पडला पाहिजे." दिवा कुठल्या कंपनीचा, किती वॅटचा, हॅलोजन की एलईडी, यावर अर्धा तास बोलणं होतं. वायर कुठून जाणार, फ्यूज कुठे बसणार, हे कुणी विचारत नाही. मी आपणहून सांगायला लागलो की तरणी पोरं हसतात. "बारा व्होल्टचं तर आहे काका, काय होतंय त्याला?"

हा प्रश्न एके काळी मीही असाच उडवून लावला होता. त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

कामाची सुरुवातीची वर्षं होती. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला मी मागच्या बाजूला, मडगार्डवर दोन दिवे बसवून दिले. रात्री नांगराचा फाळ दिसावा, ट्रॉली भरताना उजेड असावा, एवढाच हेतू. बॅटरीच्या टर्मिनलवरून सरळ वायर ओढली, मध्ये एक बटण टाकलं, पत्र्याला एक भोक पाडून वायर मागे नेली आणि दिवे लावून दाखवले. उजेड झकास पडला. घाई होती, फ्यूज टाकला नाही. भोकात रबरी बुशही बसवला नाही. पैसे घेतले, चहा झाला, काम संपलं.

ते काम तीन महिने नीट चाललं. ट्रॅक्टर हादरत होता आणि पत्र्याची धार वायरीवरचं प्लॅस्टिक रोज थोडं थोडं कापत होती. एका रात्री कापसाची ट्रॉली घेऊन जाताना आतलं तांबं पत्र्याला लागलं. बॅटरीपासून त्या भोकापर्यंतची सगळी वायर पेटली. सीटखाली गोणपाट होतं, ते पेटलं. ड्रायव्हरने उडी मारली, माती टाकली, गोणपाट विझवलंही. पण वारा होता. एक ठिणगी ट्रॉलीवर गेली होती. कापूस भडकून पेटत नाही, तो आतल्या आत धुमसतो. कळेपर्यंत उशीर झालेला असतो. माणसांना इजा झाली नाही, पण अर्ध्याहून जास्त कापूस गेला. वर्षाचं पीक होतं ते. शेतकरी मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या वेळी दिवे बंद होते, बटणही बंद होतं. दिवा विझलेला असला तरी बॅटरीपासून बटणापर्यंतची वायर जिवंतच असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचार केला नव्हता. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. दिवा लागेल कसा हे नंतर बघायचं. तो विझेल कसा हे आधी ठरवायचं. आज जे सांगणार आहे ते सगळं या एका वाक्यातच बसतं.

आता त्या बारा व्होल्टच्या प्रश्नाकडे येऊ. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरंच आहे. बॅटरीच्या दोन्ही टोकांना कोरड्या हाताने धरलं तरी काही जाणवत नाही. म्हणूनच आपण बेफिकीर होतो. पण झटका देणं वेगळं आणि जाळणं वेगळं. झटक्याचा संबंध व्होल्टशी, तर वायर तापण्याचा संबंध अँपिअरशी, म्हणजे वायरीतून किती प्रवाह वाहतो त्याच्याशी आहे.

हिशोब साधा आहे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. ५५ वॅटचा एक हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरपेक्षा थोडा जास्त प्रवाह घेतो. दोन दिवे म्हणजे सव्वानऊ अँपिअरच्या आसपास. तेवढ्याच वॅटचा दिवा घरात २३० व्होल्टवर लावला, तर तो पाव अँपिअरही घेत नाही. म्हणजे सारख्याच उजेडासाठी गाडीच्या वायरीला घरच्या वायरीच्या सुमारे १९ पट प्रवाह वाहावा लागतो. आणि प्रवाह दुप्पट झाला की वायरीत तयार होणारी उष्णता चौपट होते. घरी दिव्याला चालते ती बारीक वायर गाडीत का चालत नाही, याचं उत्तर इथे आहे.

हे झालं सगळं सुरळीत असताना. वायर पत्र्याला लागली, की मध्ये दिवा उरतच नाही. गाडीचा सगळा सांगाडा बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेला असतो. त्यामुळे अधिक टोकाची वायर सांगाड्याला कुठेही टेकली की बॅटरीची दोन टोकं थेट एकमेकांना भिडतात. साधी एक एमएमची चार मीटर वायर धरली, तर अशा वेळी तिच्यातून शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह धावू शकतो. म्हणजे विजेच्या शेगडीच्या कॉइलएवढी उष्णता त्या बारक्या वायरीत, काही सेकंदांत. वरचं प्लॅस्टिक पेट घेणार नाही तर काय करणार? इंजिन सुरू करताना सेल्फ फिरवायला शेकडो अँपिअर देणारी वस्तू आपण सीटखाली किंवा बॉनेटखाली बाळगतो. बारा व्होल्ट हा आकडा लहान असला तरी बॅटरी लहान नसते.

म्हणून पहिली गोष्ट फ्यूज. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची कडी. प्रवाह ठरावीक मर्यादेबाहेर गेला की वायर पेटण्याआधी ती वितळते आणि रस्ता तोडते. आपल्या शेतकऱ्यांना फ्यूज नवीन नाही. डीपीवरचा फ्यूज सारखा जातो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार घालणारेही आपणच आणि मग डीपी जळाली म्हणून आठ-आठ दिवस पाण्यावाचून बसणारेही आपणच. गाडीतही तीच चूक होते. फ्यूज गेला की लोक त्याजागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात किंवा तारेचा तुकडा अडकवतात. फ्यूज गेला म्हणजे त्याने काम केलं. तो का गेला हे शोधायचं असतं, त्याला गप्प करायचं नसतं.

फ्यूज कुठे बसवायचा, याला फार महत्त्व आहे. बरेच जण तो दिव्याजवळ किंवा डॅशबोर्डखाली, हाताला सोयीच्या जागी बसवतात. मग बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहते. तिला कुणी राखणदार नाही. फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात असला पाहिजे. राखणदार वाड्याच्या दारात असतो, माजघरात नसतो.

दुसरा गैरसमज असा की फ्यूज दिव्यासाठी असतो. एलईडी आल्यापासून तो वाढलाय. "एलईडी करंट कमी खातो, मग फ्यूज कशाला?" फ्यूज असतो वायरीसाठी. वायर पत्र्याला लागली की पलीकडे एलईडी आहे की हॅलोजन, बॅटरीला काही कळत नाही. ती सारखाच दणका देते. फ्यूजचा आकडा दिव्याच्या प्रवाहापेक्षा थोडा जास्त आणि वायरीला सोसवेल त्यापेक्षा कमी, असा निवडायचा. ५५ वॅटच्या दोन दिव्यांना सव्वानऊ अँपिअर लागतात, वायर चांगल्या प्रतीची अडीच एमएम असेल, तर १५ अँपिअरचा फ्यूज योग्य. गाडीच्या चपट्या फ्यूजला रंग ठरलेले असतात. लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअर. निळ्याच्या जागी हिरवा बसवला की दिवे लागतातच, पण राखणदार झोपलेला असतो.

दुसरी गोष्ट रिले. याचं नाव काढलं की खर्च वाढवतोय असं गिऱ्हाइकाला वाटतं. मी त्याला विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवायला सांगतो. हिरवं बटण आपण एका बोटाने दाबतो. मोटारीचा सगळा प्रवाह त्या बटणातून जातो का? जात नाही. बटणातून थोडासा प्रवाह कॉइलला जातो, कॉइल लोखंडी पट्टी ओढते आणि आतले जाड संपर्क जुळतात. मोटारीचा प्रवाह त्या संपर्कातून जातो. गाडीतला रिले हेच काम करतो, फक्त काडेपेटीपेक्षाही लहान डबीत. बटणातून जेमतेम दीड दशांश अँपिअर जातो आणि त्याच्या हुकमावर दिव्याचे नऊ-दहा अँपिअर वेगळ्या, जाड रस्त्याने जातात. हा शब्दही तारायंत्राच्या काळातला आहे. लांबच्या तारेतून क्षीण होऊन आलेला संदेश ताज्या बॅटरीच्या जोरावर पुढच्या टप्प्यात पाठवायची ती युक्ती होती. जुन्या डाकेत टप्प्याटप्प्याला ताजे घोडे बदलत, तसंच.

रिले नसला तर काय होतं? सोय म्हणून लोक जादा दिव्यांची वायर सरळ हेडलाइटच्या वायरीला जोडून टाकतात. हेडलाइटचं बटण, त्याची वायर, त्याचा फ्यूज हे कंपनीने मूळच्या दोन दिव्यांसाठी ठरवलेलं असतं. त्यावर दुप्पट ओझं पडलं की बटण आतून जळतं, नाहीतर फ्यूज जातो. आणि तो जातो तेव्हा जादा दिव्यांबरोबर मूळचे हेडलाइटही जातात. महामार्गावर ६० च्या वेगाने जाताना समोर एकदम काळोख! जादा उजेडासाठी केलेल्या कामाने होता तो उजेडही घालवला.

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ३०, ८५, ८६, ८७. ही जर्मन पद्धत आता जगभर चालते आणि ती एकदा समजली की गाडी कुठलीही असो, गोंधळ होत नाही. ३० वर बॅटरीची वायर, अर्थातच फ्यूजमधून आलेली. ८७ वरून वायर दिव्याकडे. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. एकावर बटणाकडून आलेली वायर, दुसरं सांगाड्याला. काही रिलेंना मध्ये पाचवा पाय असतो, त्यावर ८७ए लिहिलेलं असतं. त्याला दिवा जोडला तर उलटंच होतं, बटण बंद असताना दिवा पेटतो. तो पाय मोकळा सोडायचा.

आता बटणाला प्रवाह कुठून द्यायचा? विझवण्याची सोय म्हणतो, ती खरी इथे आहे. बटण सरळ बॅटरीवर घेतलं तर दिवे चालू राहून जातात आणि सकाळी बॅटरी बसलेली असते. ५५ वॅटचे चार दिवे १८ अँपिअर खातात. ट्रॅक्टरची ७५ अँपिअर-तासांची बॅटरी इंजिन बंद ठेवून त्यांना दोन तास पुरली, तरी नंतर सेल्फ मारेल याचा भरवसा नाही. म्हणून शेतकामाच्या दिव्यांचं बटण चावीनंतरच्या वायरीवर घ्यावं. चावी बंद, दिवे बंद. आणि गाडीच्या पुढे लांबचं दिसावं म्हणून लावलेल्या दिव्यांचं बटण हेडलाइटच्या अप्परच्या वायरीवरून घ्यावं. मग समोरून गाडी आली आणि तुम्ही डिपर केलं, की जादा दिवे आपोआप विझतात. वेगळं बटण शोधत बसावं लागत नाही. माणूस दमलेला असतो, झोपेला आलेला असतो. त्याच्या आठवणीवर सोडलेली सोय ही सोय नसते.

तिसरी गोष्ट वायर. बाजारात वायर घेताना वरच्या प्लॅस्टिकच्या जाडीवर जाऊ नका. आत तांबं किती आहे ते बघा. ब्लेडने एक तार खरवडून बघावी. वरून तांबूस आणि आतून चांदीसारखी पांढरी निघाली, तर ते अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलं काम आहे. ते जास्त तापतं आणि हादऱ्याने लवकर तुटतं. बारीक वायरीचं आणखी एक नुकसान आहे. तिच्यात व्होल्टेज मुरतं. पाऊण एमएमच्या चार मीटर वायरीतून सव्वानऊ अँपिअर नेले, तर वाटेतच पाऊण व्होल्टपेक्षा जास्त खर्ची पडतो. ऐकायला कमी वाटतं, पण हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. एवढ्यानेच उजेड सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो. अडीच एमएमच्या वायरीत हेच नुकसान पाव व्होल्टवर येतं. पुष्कळदा लोक मोठा दिवा घ्यायला येतात, पण त्यांना पाहिजे असते मोठी वायर.

चौथी गोष्ट परतीचा रस्ता, म्हणजे अर्थ. प्रवाह दिव्यापर्यंत गेला तसा परतही यावा लागतो, आणि तो सांगाड्यातून येतो. रंगावर किंवा गंजावर नुसता नट आवळला तर तो रस्ता अर्धा बंदच असतो. तिथे रंग खरवडून, चकचकीत लोखंडावर थिंबल लावून नट आवळावा आणि वरून थोडं ग्रीस द्यावं. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांचं अर्थ तर पुष्कळदा हुकमधूनच घेतलेलं असतं. हुक गंजलेला, मातीने भरलेला, खड्ड्यात उडणारा. म्हणून ते दिवे लुकलुकतात आणि ऐन वेळी विझतात. ट्रॉलीसाठी अर्थाची वेगळी वायर ओढायला फार पैसे लागत नाहीत, आणि ती नसल्याने मागून येणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

पाचवी गोष्ट जोड आणि वाट. वायरी पिळून वर टेप गुंडाळली की उन्हाळ्यात डिंक सुटतो आणि पावसात पाणी शिरतं. जोडाला दाबायचं थिंबल आणि वर आकसणारी नळी वापरावी. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी बुश असलाच पाहिजे. सायलेन्सरपासून आणि डिझेलच्या नळीपासून वायर लांब ठेवावी, पन्हाळी नळीतून न्यावी आणि ठिकठिकाणी बांधावी. गोठ्याशेजारी, कडब्याजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदीर वायर कुरतडतात. हंगामाआधी एकदा सगळी वायर डोळ्याखालून घालावी.

काम सुरू करताना बॅटरीचं उणे टोक आधी सोडायचं आणि ते सगळ्यात शेवटी जोडायचं. कारण असं, की अधिक टोकाचा नट खोलताना पाना चुकून पत्र्याला लागला, तर तिथेच शॉर्ट होतो. उणे टोक आधीच सुटलेलं असेल तर पाना कुठेही लागला तरी काही होत नाही. बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा रात्री काडी पेटवून बॅटरीतलं पाणी बघू नका. ट्रॅक्टरला उणे टोकावर हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच बसवता येतो. कापूस, कडबा, ऊस वाहणाऱ्या गाडीला तो जरूर असावा. धूर दिसला की एका झटक्यात सगळी वीज तोडता येते.

एक गोष्ट नव्या गाड्यांच्या मालकांसाठी. आजच्या गाड्यांत इंजिनापासून दिव्यांपर्यंत बरंच काही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली असतं. तिथे कुठलीही वायर सोलून जोड मारला तर भलतंच काही बंद पडतं, वॉरंटी जाते आणि पुढे आग लागली तर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. अशा गाडीचं मूळ वायरिंग कापू नये. बॅटरीपासून वेगळा फ्यूज, वेगळा रिले, वेगळी वायर असंच काम करावं आणि रिलेला हुकूम कुठून घ्यायचा हे कंपनीच्या माहितगाराला विचारून ठरवावं. अल्टरनेटरची ताकदही बघावी. ३६ अँपिअरचा अल्टरनेटर असलेल्या ट्रॅक्टरवर चार हॅलोजन आणि हेडलाइट मिळून २७ अँपिअर जातात. इंजिन सावकाश चालत असताना अल्टरनेटर पूर्ण ताकद देत नाही, तेव्हा उरलेलं बॅटरीतून जातं. एलईडीचा खरा फायदा इथे आहे.

इथपर्यंत आपल्या गाडीचं झालं. पण दिव्याचा उजेड आपल्या गाडीपुरता राहत नाही. पाचोडवरून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक २११ होता, आता ५२ आहे. तो चौपदरी झाला, वेग वाढला. शेतातून निघालेला ट्रॅक्टर शेतातलेच दिवे लावून तसाच रस्त्यावर येतो. समोरून मोटारसायकलवर कुणीतरी नवरा-बायको मूल घेऊन येत असतात. त्या उजेडाने डोळे दिपले की ते पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंद धरले तरी ५० मीटर तो माणूस आंधळ्यासारखा चालवतो. त्या ५० मीटरमध्ये बैलगाडी असेल, खड्डा असेल, पायी जाणारे ऊसतोड मजूर असतील.

मागच्या दिव्यांचा धोका तर लक्षातच येत नाही. नांगरासाठी मागे लावलेला पांढरा दिवा रस्त्यावर चालू राहिला, की मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येतेय. ट्रॉली त्याला दिसतच नाही, दिसतो तो झगमगाट. मागे जाणारा उजेड लालच असायला हवा. हंगामाच्या सुरुवातीला साखर कारखान्यांवर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात. ते रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले असतील किंवा वर पांढरा फोकस जळत असेल, तर त्यांचा उपयोग शून्य.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यांनुसार पुढे टाकलेल्या दिव्याचा झोत खाली वळवलेला असावा. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला तर नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, आणि तीही अपवाद म्हणूनच. छपरावर एलईडीची पट्टी लावून महामार्गावर फिरणं या नियमांत बसत नाही. शेतात तुमचं काम आहे, तिथे वापरा. रस्त्याला लागताना बंद करा आणि वरून जाड कापडी टोपी घाला. टोपी असली की चुकून बटण दाबलं गेलं तरी कुणाचे डोळे जात नाहीत. मात्र एक ध्यानात ठेवा, हॅलोजन पेटता असताना टोपी घालू नका. तो इतका तापतो की कापड पेटू शकतं.

काम पूर्ण झालं की पैसे देण्याआधी तीन गोष्टी स्वतः करून बघा. दिवे अर्धा तास चालू ठेवा आणि सगळ्या जोडांना, रिलेला, फ्यूजच्या घराला हात लावा. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर काम परत करायला सांगा. मग चावी बंद करा किंवा डिपर करा आणि दिवे विझतात का बघा. शेवटी दिवे चालू असताना फ्यूज उपटून बघा. ते विझले पाहिजेत. नाही विझले, तर दिव्यांना दुसरीकडून कुठून तरी वीज येतेय आणि त्या वाटेवर राखणदार नाही.

ज्याचा कापूस गेला तो शेतकरी पुढच्या हंगामात परत माझ्याकडेच आला. मला वाटलं होतं तो दुसरीकडे जाईल. ट्रॅक्टर उभा केला, खाली उतरला आणि म्हणाला, "दिवे बसव. पण या वेळी आधी विझवून दाखव." मी फ्यूज बसवला, रिले बसवला, भोकात बुश घातला आणि त्याच्या हाताने फ्यूज उपटायला लावला. दिवे विझले. त्याने फ्यूज परत बसवला, दोन जादा फ्यूज मागून घेतले आणि टूलबॉक्समध्ये ठेवले.

मी त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. ट्रॉलीभर कापसापुढे ते काहीच नव्हते. पण तेव्हापासून दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी फ्यूज त्याच्याच हाताने उपटायला लावतो. हसणारी पोरंही उपटतात. दिवे विझलेले बघितले, की मगच मी हिशोब सांगतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)